महापुराचा रडार-नकाशा : कृष्णा-पंचगंगेच्या ऊसपट्ट्यात काय दिसतं, काय निसटतं

कृष्णाकाठ (धागालेखक)

ऑगस्ट २०१९मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. तिथली इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून ५५ फूट पार केले. अशा दिवसांत आभाळ गच्च असतं आणि साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला ढगांखेरीज काही दिसत नाही. रडार ढगांतून आरपार जातं, रात्रीही चालतं. म्हणून पुराचे बहुतेक नकाशे आता रडारवरून होतात. सपाट पाण्यावरून रडारची लहर दुसरीकडे निसटते, म्हणून ते काळं दिसतं. पण 'काळं ते पाणी' एवढ्याच नियमावर केलेले नकाशे या पट्ट्यात फार चुकतात आणि त्यावर पुढे पंचनाम्याची, मदतीची चर्चा होते. म्हणून कृती आणि तिच्यातले खड्डे एका जागी असावेत, यासाठी हा धागा.

युरोपच्या सेंटिनेल-१ची चित्रं फुकट मिळतात. सी-बँड, तरंगलांबी साडेपाच सेंटिमीटर. एका उपग्रहाची त्याच कक्षेतून त्याच जागी फेरी दर १२ दिवसांनी. कोपर्निकस डेटा स्पेसवर किंवा अलास्का सॅटेलाइट फॅसिलिटीच्या व्हर्टेक्सवर नाव नोंदवा. पुराच्या व्याप्तीसाठी आयडब्ल्यू या रुंद पट्ट्याच्या मोडमधलं जीआरडी चित्र (यात परतलेल्या लहरीची फक्त तीव्रता असते) घ्या, व्हीव्ही (उभी लहर सोडून उभीच टिपलेली) आणि व्हीएच (उभी सोडून आडवी टिपलेली) दोन्ही ध्रुवणांचं. एक पुराच्या वेळचं, एक आधीचं. दोन्हींचा रिलेटिव्ह ऑर्बिट नंबर (कक्षेचा क्रमांक) एकच हवा. तो वेगळा असला की रडारचा कोन बदलतो, आणि पाणी नसतानाही शेत उजळ किंवा गडद दिसतं.

स्नॅप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आधी चित्र कापून घ्या. अख्खं चित्र साधारण २५० किलोमीटर रुंद असतं आणि १६ जीबी रॅमवरही रखडतं. मग अप्लाय ऑर्बिट फाइल, थर्मल नॉइज रिमूव्हल, कॅलिब्रेशन करून सिग्मा-नॉट (परतलेल्या लहरीची प्रमाणित तीव्रता), रिफाइन्ड ली हा स्पेकल (चित्रातला दाणेदार गोंगाट) कमी करणारा फिल्टर आणि शेवटी टेरेन करेक्शन (उंचसखलपणामुळे जागा सरकते ती दुरुस्ती). डेसिबलमध्ये, म्हणजे लॉगच्या मोजपट्टीत, रूपांतर सगळ्यात शेवटी. आधी डेसिबल करून मग फिल्टर लावला तर सरासरी लॉगची होते आणि आकडे खाली सरकतात.

दोन ठिकाणी हमखास अडतं. पूर चालू असताना अचूक कक्षेची फाइल आलेली नसते. ती येते साधारण २० दिवसांनी. तोवर रिस्टिट्यूटेड ऑर्बिट निवडा, काही तासांत मिळते, आणि पूरनकाशाला तेवढी अचूकता पुरते. दुसरं, टेरेन करेक्शनमध्ये उंचीचा नमुना आपोआप एसआरटीएम ३ सेकंद, म्हणजे ९० मीटरचा धरलेला असतो. तो बदलून कोपर्निकस ३० मीटर घ्या.

आता उंबरठा, म्हणजे ज्या आकड्याखालचं ते पाणी धरायचं तो. महाराष्ट्रभर चालेल असा एकच आकडा शोधू नका. नदीच्या दोन्ही अंगांना तीन-चार किलोमीटरचा पट्टा आखा, म्हणजे त्यात पाणी आणि जमीन दोन्ही भरपूर येतात. मग हिस्टोग्राम (कोणत्या आकड्याचे किती पिक्सेल याचा आलेख) काढा. दोन उंचवटे दिसले तर मधल्या दरीत उंबरठा घ्या. ओत्सूची पद्धत तेच करते. व्हीव्हीत ही दरी साधारण उणे १५ ते उणे १७ डेसिबलच्या आसपास पडते, व्हीएचमध्ये उणे २१ ते उणे २४. एकच उंचवटा दिसत असेल तर पट्ट्यात पाणी कमी आहे. तिथे ओत्सू कुठलातरी आकडा देईलच, पण तो फेकून द्या.

शिवार

उत्तम धागा. 'आधीचं चित्र' कोणतं घ्यायचं? बऱ्याच ठिकाणी मे महिन्यातलं वापरलेलं दिसतं.

कृष्णाकाठ

मे टाळा. उन्हाळ्यात नांगरून, वखरून पडलेली कोरडी शेतं मुळातच गडद असतात, मग फरक कमी दिसतो. जूनमध्ये माती भिजली की तीच शेतं उजळतात. पुराच्या १२ किंवा २४ दिवस आधीचं, त्याच कक्षेतलं चित्र सगळ्यात बरं. शक्य असेल तर आधीच्या तीन-चार चित्रांचा मध्यक काढा, स्पेकल पुष्कळ कमी होतो. ताळ्यासाठी आदल्या वर्षीच्या त्याच पंधरवड्याचं चित्रही शेजारी ठेवा. कोकणात आणि गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगडकडे याची फार गरज पडते. जुलैत चिखलणी-लावणी झालेल्या खाचरांत चार-सहा बोटं पाणी उभं असतं आणि रडारला ते पुरासारखंच काळं दिसतं. पुढे भात वाढलं की खाचर उजळत जातं. आदल्या जुलैतही तीच जागा काळी असेल तर ती लावणी आहे, पूर नाही.

लॉगटेबल

गूगल अर्थ इंजिन (उपग्रहचित्रांवर ऑनलाइन काम करण्याची सोय) वापरणाऱ्यांसाठी महत्त्वाचं. यूएन-स्पायडर या संयुक्त राष्ट्रांच्या कार्यक्रमाची पूरनकाशाची स्क्रिप्ट भारतभर वापरली जाते. तिच्यात पुराच्या चित्राला आधीच्या चित्राने भागतात आणि १.२५च्या वर गेलेला पिक्सेल पूर धरतात. अर्थ इंजिनमधलं सेंटिनेल-१ आधीच डेसिबलमध्ये असतं, म्हणजे हा लॉगला लॉगने दिलेला भागाकार झाला. परिणाम असा : उणे १४वरून उणे १७.६वर आलेला पिक्सेल पकडला जातो, कारण भागाकार १.२५७. उणे २०वरून उणे २४.५वर आलेला सुटतो, कारण भागाकार १.२२५. ३.६ डेसिबलची घसरण पूर ठरते आणि साडेचारची ठरत नाही. मुळात गडद असलेल्या शेतांत, म्हणजे नुकत्या पेरलेल्या किंवा मोकळ्या रानात, पूर कमी मोजला जातो.

डेसिबलमध्ये वजाबाकी करा. ३ डेसिबल म्हणजे परत आलेली शक्ती निम्मी झाली, हा अर्थ सगळीकडे सारखाच राहतो. वजाबाकीचा उंबरठा ३ ठेवून सुरुवात करा आणि जोडीला 'पुराच्या चित्रात व्हीएच उणे २१च्या खाली' अशी दुसरी अट लावा. दोन्ही पुऱ्या झाल्या तरच पाणी. त्या स्क्रिप्टचं बाकीचं चांगलं आहे : वर्षात दहा महिने किंवा जास्त पाणी असलेली जागा वगळणं, तीव्र उताराची जमीन काढणं, आठपेक्षा कमी जोडलेले पिक्सेल पुसणं. ते ठेवा.

शिवार

वजाबाकीचं पटलं. पण शिरोळ तालुक्यात, नृसिंहवाडी-कुरुंदवाडच्या आसपास, सगळा ऊसच. तिथे नकाशात पुराच्या मधोमध कोरडी बेटं दिसतात. ती खरी असतात का?

पाणथळ

बहुतेक खोटी. थोडं सविस्तर लिहितो, कारण या पट्ट्यातली सगळ्यात मोठी चूक हीच आहे.

सी-बँडची साडेपाच सेंटिमीटरची लहर उसाच्या पाल्यातच अडते. पाच-सहा हात उंच उसाच्या बुडात तीन-चार फूट पाणी असलं तरी रडारला वरचा पालाच दिसतो. शेत उजळच राहतं, कधी किंचित जास्त उजळतं. म्हणून ऑगस्टमध्ये कोणता ऊस कुठे उभा आहे हे माहीत असल्याशिवाय या भागाचा नकाशा वाचता येत नाही. गेल्या जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला आडसाली आता वर्षाचा होऊन उंच झालेला असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पूर्वहंगामी नऊ-दहा महिन्यांचा. जानेवारी-फेब्रुवारीतला सुरू सहा-सात महिन्यांचा. खोडवा तोड कधी झाली त्यावर. आणि याच जुलैत लावलेला नवा आडसाली वीतभर. नवा आडसाली पाण्याखाली पूर्ण जातो आणि नकाशात बरोबर काळा येतो. त्याच्याच बांधाला लागून असलेला वर्षाचा ऊस कमरेइतक्या पाण्यात असून कोरडा दिसतो.

नदीजवळ पाणी इतकं चढतं की उंच ऊसही बुडतो, तिथे नकाशा बरोबर येतो. चूक साचते ती पुराच्या कडेला, जिथे पाणी उथळ आहे. आणि कडेच्या शेतकऱ्याचंच नुकसान नाकारलं जाण्याची भीती सगळ्यात जास्त. पाणी चार-सहा दिवस बुडात राहिलं तरी ऊस कुजतो. नकाशात तो दिसला नाही म्हणून नुकसान झालं नाही असं म्हणता येत नाही.

उपाय : काळ्या पाण्याची बाहेरची कड घ्या, तिथल्या जमिनीची उंची उंचीच्या नमुन्यातून काढा, आणि त्या पातळीखाली येणारी, चहूबाजूंनी पाण्याने वेढलेली उसाची बेटं 'संभाव्य बुडीत' म्हणून वेगळ्या रंगात दाखवा. निळ्यात मिसळू नका. वाचणाऱ्याला कळलं पाहिजे की हे रडारने पाहिलेलं नाही, पातळीवरून काढलेलं अनुमान आहे. कोपर्निकस नमुना जमिनीचा नसून पृष्ठभागाचा आहे, त्यात झाडं आणि काही अंशी उभं पीक धरलेलं असतं. म्हणून एका पिक्सेलच्या उंचीवर जाऊ नका, कडेच्या निदान पन्नासेक बिंदूंचा मध्यक घ्या.

एल-बँडची २४ सेंटिमीटरची लहर पाल्यातून बरीच आत जाते आणि पाणी व खोडं यांच्यात दोनदा आपटून परतते, त्यामुळे बुडालेला ऊस उजळ दिसायला हवा. ३० जुलै २०२५ला श्रीहरिकोट्याहून गेलेल्या नासा-इस्रोच्या निसार उपग्रहावर एल-बँड आणि इस्रोचा एस-बँड दोन्ही आहेत. ऊसपट्ट्यासाठी त्याच्याकडून मोठी अपेक्षा आहे.

कृष्णाकाठ

बेटं वेगळ्या रंगात दाखवण्याची सूचना मूळ कृतीतच हवी होती. धन्यवाद.

याला लागून आणखी एक. खोटे काळे ठिपके काढायला हँड वापरतात, म्हणजे जवळच्या प्रवाहापासून जमीन किती उंच आहे तो आकडा. १० मीटरपेक्षा जास्त असेल तर पूर नाही, असा नियम सर्रास लावतात. इथे तो अंगाशी येतो. आयर्विनचे ५७ फूट म्हणजे १७ मीटरहून जास्त. आणि एसआरटीएमने नदीतलं पाणी मोजलं ते फेब्रुवारी २०००मध्ये, नदी खाली असताना. १०वर कापलं तर खरा पूर पुसला जाऊ शकतो. मुख्य नदीकाठी १८-२० ठेवा, ओढ्यांच्या बाजूला कमी.

नकाशावाला

शहराचं काय? कोल्हापूर-सांगलीच्या पेठांत पाणी होतं, पुणे-बंगळुरू महामार्ग बंद पडला होता. पण रडारमध्ये शहर पांढरंच दिसतं.

लॉगटेबल

शहरात गणित उलटं होतं. पाण्यावरून घसरलेली लहर भिंतीवर आपटून थेट परत येते, त्यामुळे पाण्यातली वस्ती जास्त उजळते. तीसुद्धा सारखी नाही : रडारच्या दिशेला काटकोनात असलेली घरांची रांग खूप उजळते, तिरकी रांग जवळपास तशीच राहते. जीआरडीवरून शहर मोजूच नका.

कोहेरन्स वापरा, म्हणजे दोन वेळच्या लहरी एकमेकींशी किती जुळतात तो ० ते १मधला आकडा. त्यासाठी एसएलसी चित्रं (तीव्रतेबरोबर लहरीची कला, म्हणजे फेजही ठेवणारी) लागतात, एकेक कित्येक जीबीची. तीन घ्या : दोन पुराआधीची, एक पुरातलं, तिन्ही एकाच कक्षेतली. आधीच्या दोघांचा कोहेरन्स काढा, मग दुसऱ्याचा आणि तिसऱ्याचा. खिडकी रेंजमध्ये (रडार बघतं त्या दिशेत) १० आणि ॲझिमथमध्ये (उपग्रह चालतो त्या दिशेत) ३ पिक्सेल, म्हणजे जमिनीवर अंदाजे ४० मीटरचा चौकोन होतो. पक्की वस्ती आधी ०.७च्या आसपास असते. पाणी शिरलं की घसरते. घसरण ०.३च्या पुढे असेल तिथे शोध घ्या. शेतावर मात्र ही युक्ती लावू नका, पावसाळ्यात शेताचा कोहेरन्स मुळातच नसतो, त्यात आणखी घसरायला काही उरत नाही.

महामार्गाबद्दल : डांबर गुळगुळीत असतं म्हणून रस्ता कोरडा असतानाही काळा दिसतो. विमानतळाची धावपट्टीही तशीच. रस्ता बुडाला का हे या चित्रावरून ठरवू नका.

दर्यासारंग

किनारपट्टीसाठी पुरवणी. टेरेन करेक्शनच्या खिडकीत 'उंची नसलेला भाग झाका' अशी खूण आधीच केलेली असते. ती काढा. ठेवली तर समुद्राबरोबर खाड्या आणि खाडीकाठची सखल जमीनही गायब होते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात आणि गोव्यातल्या खाजन (बांध घालून खाडीचं पाणी अडवलेल्या) शेतीत तेच तर पाहायचं असतं. शिवाय दोन्ही चित्रं भरती-ओहोटीच्या जवळपास सारख्या स्थितीतली असावीत. आधीचं ओहोटीचं आणि नंतरचं भरतीचं घेतलं तर चिखलवट, मिठागरं आणि खारफुटीची कड पूर म्हणून मोजली जाते.

रानवाट

दरडींबद्दल विचारायचं आहे. माळीण (३० जुलै २०१४), तळीये (२२ जुलै २०२१), इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३). रडारने जमिनीची मिलिमीटरमधली हालचाल कळते असं म्हणतात. मग या जागा आधी कळायला हव्या होत्या ना?

सह्यकडा

प्रश्न रास्त आहे, पण रडारकडून ही अपेक्षा ठेवू नये, आणि गावकऱ्यांना तर असं आश्वासन मुळीच देऊ नये.

इन्सार (रडारने ही हालचाल मोजण्याची पद्धत) दोन वेळच्या लहरींच्या कलेतला, म्हणजे फेजमधला, फरक मोजतं. सी-बँडमध्ये एक पूर्ण रंगपट्टी म्हणजे रडारच्या दिशेने २.८ सेंटिमीटर सरकणं. यासाठी जमिनीचा पृष्ठभाग दोन्ही वेळा सारखा राहिला पाहिजे. उघडा कातळ, घरं, धरणाची भिंत इथे ते जमतं. सह्याद्रीच्या झाडोऱ्याच्या उतारावर जुलैतल्या १२ दिवसांच्या जोडीत निव्वळ गोंगाट उरतो. वर ढगांतल्या बाष्पाने लहरीला विलंब होतो आणि तो सरकण्यासारखाच दिसतो. शिवाय वर दिलेल्या तिन्ही घटना भर पावसातल्या आहेत. अशा वेळी कुजलेल्या खडकावरचा मातीचा थर मुसळधार पावसाने फुगून एकदम सुटतो, महिनोन् महिने आधी सरकेलच असं नाही. आणि सरकला, तरी शेजारच्या दोन पिक्सेलांत एका जोडीच्या काळात १.४ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक पडला की मोजमाप संदिग्ध होतं.

जमतं ते असं. डिसेंबर ते मेमधल्या कोरड्या चित्रांची साखळी लावून हळू सरकणारे उतार, खचणारे घाटरस्ते, भेगा पडलेल्या वस्त्या शोधता येतात. मिंटपाय आणि लिक्सबास ही मोफत साधनं त्यासाठी आहेत. निदान २०-२५ चित्रं घ्या, एखाद्या जोडीवरून निष्कर्ष काढू नका.

आणि बाजू नीट निवडा. सेंटिनेल उजवीकडे पाहतो. उत्तरेकडे जाताना, म्हणजे संध्याकाळच्या फेरीत, तो पूर्वेकडे बघतो. तेव्हा कोकणात उतरणारे कडे त्याच्या समोर येतात आणि चित्रात एकावर एक कोसळतात. उताराचा कोन रडारच्या कोनापेक्षा जास्त झाला की हे होतंच, आणि तो कोन चित्रात साधारण २९ ते ४६ अंश असतो. सकाळच्या, दक्षिणेकडे जाणाऱ्या फेरीत तो पश्चिमेकडे बघतो, तेव्हा हेच उतार पसरून दिसतात. फार उभा कडा असेल तर तो सावलीत जातो, पण वस्त्या असतात ते मधले उतार या फेरीत चांगले येतात. दोन्ही फेऱ्यांची चित्रं प्रत्येक ठिकाणी नियमित मिळतीलच असं नाही, आधी यादी पाहा.

कुठे धोका आहे हे ठरवायला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे १:५०,००० प्रमाणातले दरडप्रवणतेचे नकाशे आणि पावसाचे तासागणिक आकडे यांचाच आधार घ्यावा. रडार त्याला पूरक.

रानवाट

स्पष्ट उत्तराबद्दल आभार. दरड कोसळल्यावर रडारने ती शोधता येते का, रस्ता तुटलेला असताना?

सह्यकडा

मोठी असेल तर. जीआरडीची खरी विभेदनक्षमता (वेगळा ओळखता येणारा सगळ्यात लहान तुकडा) २० मीटरच्या आसपास, म्हणजे १०० मीटर रुंदीची दरड जेमतेम पाच ठिपक्यांची. आधीच्या आणि नंतरच्या चार-चार चित्रांचे मध्यक काढून वजाबाकी केली तर लांबट ओरखडा दिसतो. एकाच चित्रावर तो स्पेकलमध्ये हरवतो. पण नंतरची चार चित्रं जमायला दीड महिना जातो, त्यामुळे बचावकार्याला याचा उपयोग नाही, नोंदीसाठी आहे.

शिवार

शेवटचा प्रश्न. गट नंबरनिहाय क्षेत्र काढून तहसील कचेरीत द्यायचं असेल तर कितपत धरावं? १० मीटरचा पिक्सेल म्हणजे जवळजवळ बरोबर एक गुंठा.

पाणथळ

एक पिक्सेल १०० चौरस मीटर आणि गुंठा १०१, हा मेळ मोहात पाडतो. पण पिक्सेल १० मीटरचा असला तरी चित्राची विभेदनक्षमता २० बाय २२ मीटर आहे, म्हणजे सव्वाचार गुंठे. फिल्टर लावल्यावर आणखी विरळ. त्यात गावनकाशा उपग्रहचित्रावर बसवताना १०-२० मीटरचा फरक सहज राहतो. दहा गुंठ्यांच्या तुकड्याबद्दल या नकाशावरून काहीही बोलू नका. एकराच्या वर 'बराचसा बुडीत', 'काही भाग बुडीत', 'दिसत नाही' असे तीन वर्ग करा. 'दिसत नाही'मध्ये उभा ऊस आणि वस्ती टाका. 'कोरडं' असं लिहू नका. पंचनाम्याची पथकं आधी कुठे पाठवायची हे ठरवायला एवढं पुरतं.

कृष्णाकाठ

आणि नकाशाच्या कोपऱ्यात वेळ लिहा. फाइलच्या नावात 'टी' या अक्षरानंतरचे सहा आकडे म्हणजे जागतिक वेळ. त्यात साडेपाच तास मिळवा. आपल्याकडे फेरी सकाळी किंवा संध्याकाळी सहा-साडेसहाच्या सुमारास असते. त्या तासाला आयर्विन किंवा राजाराम बंधाऱ्यावर किती फूट पाणी होतं ते जलसंपदा विभागाच्या नोंदीतून घेऊन शेजारी लिहा, शिखर किती आणि केव्हा होतं तेही. फेरी १२ दिवसांची असताना उपग्रह नेमका शिखराला वर असणं हा योगायोग. पाणी तीन फूट उतरल्यावरचं चित्र 'महापुराची व्याप्ती' म्हणून छापलं तर कडेची गावं त्यातून गळतात. आणि या कडेला पूररेषा म्हणू नका. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, दोन्ही विसर्गाच्या गणितावरून आखतात.

क्षेत्र मोजण्याआधी चित्र अक्षांश-रेखांशातून मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम प्रक्षेपणाच्या झोन ४३मध्ये आणायला विसरू नका.

नकाशावाला

झोन ४३ हा ७८ अंश रेखांशापर्यंतच. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीसाठी ४४ घ्या. वैनगंगेच्या पुराचा नकाशा करणाऱ्यांनी हे आधी तपासावं.